डाव्याच हाताला

तलमडुगु
१ सप्टेंबर २०२४

चि. प्रगतीस,
अ. उ. आ. व सप्रेम जयभीम.

पत्राला उशीर झाला, कारण मी आणि तुझी आई दोघेही तापाने दवाखान्यात रुजू झालो होतो. घाबरू नकोस, दोघांचीही सुटका होऊन घरी आलो आहोत. तुझ्या भावाला, नागेशला, मीच बजावले होते की ताईला फोन करू नकोस. ती मिळेल ती बस धरून येईल आणि नागपूरचे पेशंट वाऱ्यावर पडतील.

खाटा शेजारी शेजारी मिळाल्या. ताप गेला, पण त्याच्याआधी माझी अब्रू गेली. सलाईनची सुई लावताना मी ओरडलो. माझ्या मते साधारणच ओरडलो, पण कान गेल्यापासून मला माझा आवाज कळत नाही. नागेश सांगतो, दारावरचा वॉचमन धावत आला. सिस्टर तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि सगळा वॉर्ड हसला. हसू देत. मला विंचू डसल्यासारखी आग झाली, ती मला ठाऊक. तहसिलीच्या एमआरओ ऑफिसात नोकरीभर साहेबांची बोलणी खाल्ली आणि एका बारीक सुईपुढे हरलो.

आणि तुझी आई! हात पुढे करून शेजारच्या बाईशी तुरीच्या डाळीवर बोलत होती. सुई आत गेली, चिकटपट्टी लागली, हिचे बोलणे चालूच. मी तोंडाकडे निरखून पाहिले, भुवई हलली नाही. सिस्टरने शिकाऊ पोरींना बोलावून हिच्याच हातावर दाखवले. एकीला शीर सापडेना, तिने पुन्हा टोचले, तरी ही म्हणते, टोच माय, मले काई होत नाई. हट्ट एकच, सुई डाव्याच हाताला लावायची. एकदा सिस्टरने उजवा धरला तर झटकन ओढून घेतला. उजवा जेवायला लागतो म्हणाली.

आता गल्लीत तिचे कौतुक आणि माझी नक्कल चालू आहे. नागेशची रुपा अडीच वर्षांची, तीही माझ्यासारखी ओरडून दाखवते आणि सूनबाई दीपमाला पदर तोंडाला लावते. तू तरी बापाची बाजू घे.

इकडची काळजी नसावी, पत्राची वाट मात्र पाहायला लावू नये.
तुझा बाबा,
भिवाजी


नागपूर
८ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,
प्रगतीचा सविनय जयभीम वि. वि.

आधी रागावून घेते. लेक नर्स, आणि आईबाप दवाखान्यात असल्याचं तिला पोस्टमन सांगतो! मोबाईलवर चार ओळी लिहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पण मोबाईलवरचं लिहिणं म्हणजे पत्र नव्हे हा तुमचा कायदा, आणि फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. आई तर बरं आहे म्हणून फोन ठेवूनच देते.

ओरडण्याची लाज धरू नका. माझ्या हातून रोज किती जणांना सलाईनची कॅन्युला लागते, तरी कोणाला किती दुखेल हे मला अजून आधी ओळखता येत नाही. परवा एक ट्रक ड्रायव्हर, दंड माझ्या मांडीएवढा, नुसती सुई बघून मटकन खाली बसला. त्याच्या पलीकडची शाळकरी पोरगी सुई आत जाताना टक लावून बघत होती. कोणी म्हणतं मुंगी चावली, कोणी म्हणतं हाड फोडलंत. सुया एकाच डब्यातल्या. नवी होते तेव्हा मी ओरडणाऱ्यांवर चिडायची. आता चिडत नाही. ज्याचं दुखणं त्यालाच माहीत.

पण बाबा, आईचं वाचून मला हसू आलं नाही. माणसामाणसात फरक असतो, तो मी रोज बघते. एकाच बाईच्या दोन हातांत एवढा फरक का असावा? धीट माणूसही ओठ आवळतो.

एक करा. खेळ आहे असं सांगून तिला डोळे मिटायला लावा. कापसाचं टोक डाव्या हाताला ठिकठिकाणी टेकवा आणि कुठे लागलं ते बोटानं दाखवायला सांगा. मग उजव्या हाताला. कातडीवर फिकट डाग आहे का, करंगळी सरळ होते का, तेही बघा. लगेच लिहा.

तुमच्या लाडक्या नातीला माझा पापा, आणि लेकीवरची माया कमी करू नका.
आपली,
प्रगती


तलमडुगु
१५ सप्टेंबर २०२४

चि. प्रगतीस,
अ. उ. आ.

तू सांगितलेला खेळ केला. केला नसता तर बरे झाले असते असे वाटते.

उजव्या हाताला कापूस टेकवला की ती बरोबर जागा दाखवी. डाव्या हाताला कोपरापासून करंगळीपर्यंत टेकवत गेलो, ती भलतीकडेच बोट ठेवी. मग मी हात आवरून नुसता बसलो. कापूस माझ्या मुठीत होता, आणि ती डोळे मिटून म्हणाली, हे इथं लागला. 

मी तिच्या पोलक्याची लांब बाही वर केली. मनगटाच्या वर तळव्याएवढा फिकट, कोरडा डाग आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट सरळ होत नाही. तव्याने भाजल्याचा फोड होता, तो तिला माझ्याकडून कळला. एवढी वर्षे एका घरात राहून मी हा हात पाहिला नाही.

मग ती सगळे बोलली. तिच्या लहानपणी बाजारहत्नूरला तिची मावशी बयनाबाई होती. तिला हे दुखणे झाले तेव्हा घरच्यांनी ओढ्यापलीकडे खोपट बांधून दिले. तुझी आई भाकर नेऊन दगडावर ठेवायची आणि मागे सरायची. मावशीची बोटे तिने रोज पाहिली होती. म्हणून स्वतःचा हात चटका लागूनही पोळेना तेव्हा हिला लगेच समजले. रुपाच्या जन्माच्या आधीपासून ती हे लपवून आहे. दवाखान्यात तोच हात पुढे केला, कारण तिथे सुई कळत नव्हती. लोक धीट म्हणाले, तर तिनेही म्हणू दिले. तिला सुईची भीती माझ्यापेक्षा जास्त आहे. उजव्याला लावली असती तर तुमच्याहून मोठ्यानं ओरडली असती म्हणाली.

काल तिने आपले ताट वेगळे केले आणि अंथरूण घराबाहेर, मागच्या सपरीच्या छपराखाली नेले. मी ओरडलो, रडलो, ती ऐकत नाही. तू ये. त्या दुखण्याचे नाव माझ्या हाताने लिहवत नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
बाबा


नागपूर
६ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. आईस,
प्रगतीचा सविनय जयभीम वि. वि.

हे पत्र नागेश तुला वाचून दाखवेल. मी तिथे असताना डॉक्टरांनी जे सांगितलं ते गडबडीत तुझ्या डोक्यात राहिलं नसेल, म्हणून पुन्हा लिहिते. नावही लिहिते. बाबांना लिहवलं नाही, पण न लिहिल्यानं ते जास्तच भिववतं. कुष्ठरोग. तुम्ही ज्याला महारोग म्हणता तोच. बयनाबाईच्या वेळी गोळ्या मिळाल्या नाहीत. तुला मिळाल्या आहेत, फुकट मिळतात, वर्षभर न चुकता घ्यायच्या. गोळ्या सुरू झाल्या की तुझ्यापासून कोणाला धोका नाही. तेव्हा ताट आत घे आणि अंथरूणही.

हातातली गेलेली जाणीव परत येईल का, असं तू विचारलंस. खोटं सांगणार नाही, फार आशा धरू नकोस. पण पुढचं वाचवता येईल. गोळ्या सोडल्यास तर वाकलेली बोटं आणखी वाकतील आणि उजवा हातही जाईल. तवा, चहाचं भांडं फडक्यानंच धर. रोज हात डोळ्यांनी तपास, कारण तो आता स्वतःहून तुला काही सांगणार नाही.

आणि रुपाचं. मी निघताना तू चार वेळा तेच विचारत होतीस. डॉक्टरांनी तिला तपासलं, काही नाही. मीही तपासलं. कापूस लावला की ती खिदळते. एवढ्यावर विश्वास ठेव.

बाबांना जेवायला घालून स्वतः उपाशी राहू नकोस. तुझा हात माझ्या डोक्यावर असाच राहू दे, डावा असला तरी.
तुझी,
प्रगती


मुधोळ
३ नोव्हेंबर २०२४

ती. ताईंस,
दीपमालाचा सविनय जयभीम वि. वि.

मी रुपाला घेऊन माहेरी आले हे तुम्हाला यांच्याकडून कळलं असेल. फोनवर बोलले तर इथे घरभर ऐकू जाईल, म्हणून लिहिते. आजाराला भिऊन पळाले असं सगळे समजतात. तसं नाही ताई. तुम्ही समजावून सांगितल्यावर मी सासूबाईंच्या ताटात जेवले, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत.

दिवाळीच्या आधीपासून रुपा सकाळी रडत उठायची. पोटरीवर, दंडावर लाल ठिपके दिसायचे. डास चावले समजून मी खोबरेल लावत होते. मग एका सकाळी चहा ठेवून आत गेले, तर सासूबाई झोपलेल्या लेकराच्या पायाला सेफ्टीपिन टोचत होत्या. रुपा किंचाळली. आणि ताई, सासूबाई हसल्या. तोंड भरून हसल्या.

 लेकरू उचललं आणि बस धरली. हे म्हणतात आईच्या डोक्यावर परिणाम झाला. असेलही. पण ते हसू माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही, आणि रुपा झोपेत दचकते. तुम्ही दवाखान्यातल्या आहात. असं माणूस का करतं ते तुम्हीच सांगा. मी त्या घरात पाऊल कसं ठेवू?

माझ्याबद्दल मनात अढी धरू नका.
आपली,
दीपमाला


तलमडुगु
१७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. दीपमालास,
अ. आ. व सप्रेम जयभीम.

प्रगतीने तुझे पत्र मला वाचायला पाठवले. तिच्यावर रागावू नकोस. तू लेकरू उचलून नेलेस ते योग्यच केलेस. मी तुझ्या जागी असतो तर मीही तेच केले असते.

तुझ्या सासूला मी विचारले. तिचे डोके ठिकाणावर आहे, भीती मात्र ठिकाणावर नाही. आपण रुपाला मांडीवर वाढवले, आपलेच दुखणे तिला लागले असणार, हे तिच्या मनातून निघत नाही. डॉक्टरांनी काही नाही म्हटले ते तिला पटत नाही. माझ्या हातात सुई खुपसून कोनाले समजलं काय, असे उलट विचारते. प्रगती म्हणाली कापसाने बघ. पण कापूस लावताना ही स्वतः आमच्याशी खोटे खेळली होती. म्हणते, लेकरू उगाच बी हासते, रडनं खोटं नसते. म्हणून ती रोज टोचायची. रुपा रडली की तिचा जीव भांड्यात पडायचा. तेच तू पाहिलेस. नंतर ती सपरीत जाऊन स्वतः रडत बसे, ते तू पाहिले नाहीस. हे सांगून मी तिला सोडवत नाही. लेकराला टोचणे ते टोचणेच.

तू गेल्यापासून तिने गोळ्या बंद केल्या आहेत. रुपाचे काय ते कळल्याशिवाय मी औषध घेऊन काय करू म्हणते. तिसरे बोट वाकू लागले आहे. कोपर ठणकते म्हणून भिंतीला टेकून बसते. नागेशने हात जोडले, प्रगती फोनवर रडली. गोळी तोंडात घालते आणि मोरीत थुंकते.

कोणत्याही सासऱ्याने सुनेकडे मागू नये असे मागतो. एकदाच. स्वच्छ सुई घे. दोन्ही हात, दोन्ही पाय. रडली का ते कळव. मी लिहिले तर ती खरे मानणार नाही, तू लिहिलेस तर मानेल. तुझ्याने झाले नाही तर तसे लिही, माझा राग नाही.

तुझ्यावरचा आमचा जीव तसाच आहे.
भिवाजी


मुधोळ
२८ नोव्हेंबर २०२४

ती. सासूबाईंस,
दीपमालाचा सविनय जयभीम वि. वि.

मामंजींचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उशीखाली ठेवलं होतं. आज सकाळी घरचे सगळे शेतात गेले तेव्हा नवी सुई पाण्यात उकळून घेतली. आधी माझ्या हाताला टोचून पाहिली. दुखलं. मग रुपाला मांडीवर घेतलं.

उजव्या हाताला टोचताच ती रडली. तिथेच थांबावंसं वाटलं, पण तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून थांबले नाही. डावा हात, मग दोन्ही पाय. प्रत्येक वेळी रडली. डाव्या हाताला तर श्वास कोंडेपर्यंत रडली. रुपाची शपथ घेऊन लिहिते, यात एक अक्षर खोटं नाही.

आता गोळी घ्या. जेवून घ्या, उपाशी पोटी नको.

मी कधी येईन ते अजून ठरवलं नाही. आपली माया मात्र राहू द्या. रुपा सकाळपासून माझ्याकडे येत नाही. मी जवळ गेले की माझ्या आईच्या पदराआड जाते.

आपली सून,
दीपमाला