झोपलेल्या गवतास मृत न ठरवण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय: अस्थिविभागामागील हिरवळ न उपटणेबाबत.
संदर्भ: सदर हिरवळ सोमवारी काढून प्लास्टिकचे गवत अंथरण्याचा आपला आदेश.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये मी, रुग्णालयाचा माळी, नम्रपणे कळवतो की सदर गवत थंड हवेतले आहे. उन्हाळ्यात ते पिवळे पडून झोपते व गारवा आला की उठते. उन्हाला दाद न देणारे गवत घ्या, असे बियाणेवाला सांगत होता. परंतु प्लास्टर निघालेले रुग्ण पहिली पावले इथेच अनवाणी टाकतात, म्हणून मी मऊ जात निवडली. हौसेला मोल नसते तशी अक्कलही नसते, हे आता कळले.

त्यात आपल्या पाहणीच्या आदल्या दिवशी गवत नेटके दिसावे म्हणून मी ते पार बुडख्यापर्यंत कापले. वास्तविक उन्हाळ्यात ते उंच ठेवायचे असते, म्हणजे त्याची सावली त्याच्याच मुळांवर पडते. मग घाबरून खत घातले. ताप चढलेल्याला पोटभर जेवण्याचा आग्रह करावा, तसे झाले. शेवटी धुलाई विभागाच्या चादरी काठ्यांना बांधून सावली केली. धुलाईच्या मावशींची तक्रार आपणांस मिळाली असेलच; ती खरी आहे. माझी पत्नी म्हणाली, "इतक्या वर्षांत माझ्या डोक्यावर कधी छत्री धरलीत का हो?" हीही तक्रार खरी आहे.

तथापि, हिरवळ मेल्याचे आपण दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून ठरवले आहे. आपल्या रुग्णालयात नाडी पाहिल्याशिवाय कोणालाही मृत ठरवत नाहीत. गवताची नाडी मातीलगत असते. पाती बाजूला सारून बुडखा दाबावा. पांढरा व टणक लागला तर जीव आहे. मी रोज ओणवा होऊन दाबून पाहतो. येणारेजाणारे मला मेंदूविकार विभागाचा रस्ता सांगतात.

प्लास्टिक उन्हात तापते. त्यावर अनवाणी उतरलेला रुग्ण चालायला शिकणार नाही, थेट उड्या मारील. सबब थंडी पडेपर्यंत हिरवळीस मुदत मिळावी, ही विनंती. मी या महिनाअखेर निवृत्त होत असल्याने तिचे उठणे मला दिसणार नाही, याचे फार वाईट वाटते. ती उठल्यास कृपया एक ओळ कळवावी. न उठल्यास तसदी घेऊ नये.

आपला नम्र व उन्हाने करपलेला,
(सही)
माळी, सार्वजनिक रुग्णालय
दिनांक: शुक्रवार, भर दुपारी

सोबत: गवताचा एक झुबका, मुळांसकट, ओल्या फडक्यात. कृपया टाचणी लावू नये. तो जिवंत आहे.