विकतचं नाक

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गेले तीन आठवडे मी गाडीखाली आडवी आहे, त्यामुळे या वेळचा साष्टांग शब्दशः घ्यावा. पालथा नसून उताणा आहे, एवढंच.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? मिशांची प्रकृती मात्र सविस्तर कळव. त्यांचा या पत्राशी संबंध आहे.

बाबांची गाडी तीस तारखेला भंगारवाल्याच्या हवाली करायची, असं तू ठरवलंस. तिला धुराच्या चाचणीत पास करून दाखवते म्हटलं, तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, "तुझ्या त्या विकतच्या नाकाने धूर स्वच्छ झाला, तर मिशा उतरवीन." तिथे आई होती, वहिनी होत्या आणि भंगारवाला स्वतः होता. तो साक्षीला यायला तयार आहे. आज बावीस तारीख. चाचणीचा कागद सोबत जोडला आहे. तो आधी बघू नकोस. मी काय सोसलं ते आधी वाच.

तुझा लाडका कार्बोरेटर मी काढला, हा तुझा खरा राग. (तो जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. सुखरूप आहे.) त्याच्या जागी पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आणि एक छोटा संगणक बसवला, हवा आत जायला रुंद वाट केली, मोठा सायलेन्सर लावला. पण अशा बदललेल्या इंजिनाला केव्हा किती पेट्रोल द्यायचं, हे संगणकाला कुणीतरी शिकवावं लागतं. तू ते कानाने आणि नाकाने करायचास. मी वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणला. तो धुराच्या नळीत बसतो, जळून उरलेला ऑक्सिजन हुंगतो आणि एक भाग पेट्रोलला किती भाग हवा मिळाली, तो आकडा डॅशबोर्डवर दाखवतो. चौदा पूर्णांक सात म्हणजे बेताचं जेवण. आकडा त्याच्या वर गेला तर इंजिन उपाशी, खाली आला तर अजीर्ण. यात चुकण्यासारखं काही नव्हतं. म्हणून मला तीन आठवडे लागले.

गाडी मी चालवायची आणि शेजारी बसून आकडा तुझ्या मेहुण्यांनी वाचायचा, असं ठरलं. माणूस सज्जन, पण त्यांना आकडा सांगता येत नाही, मत सांगता येतं. "साधारण पंधरा. पण सुधारतोय." साधारण म्हणजे? "म्हणजे काळजीचं कारण नाही." (लग्नाआधी त्यांनी स्वतःची उंचीही अशीच सांगितली होती.) चौथ्या दिवशी त्यांची मान धरली आणि ती जागा सासूबाईंनी घेतली. त्या तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होत्या, हे तुला ठाऊक आहेच. मत नाही, उसासा नाही. पर्स मांडीवर, चष्मा नाकावर आणि "एक सहा. दोन. एक सहा. चार."

सोळा म्हणजे इंजिन उपाशी. मी पेट्रोल वाढवलं. आकडा सोळाच. आणखी वाढवलं. गाडीमागची भिंत काळी झाली, शेजाऱ्यांची पांढरी मांजर करडी झाली, तरी नाक आपलं उपाशी, उपाशी म्हणत होतं. आणि पोराचं पोट फुटायला आलं तरी "किती वाळलाय गं" म्हणणाऱ्या आईसारखी मी वाढतच होते. तशीच गाडी चाचणीला नेली. तिथल्या साहेबांनी मागून नळी घातली, कागद वाचला, मग मला न्याहाळलं. "बाई, ही कोळशावर चालते का?" नापास. तुला विचारावं म्हणून मी फोन हातात घेतला होता. (मग न लावताच मला तुझं हसू ऐकू आलं, आणि ठेवला.)

वाचवलं सासूबाईंनी. परतताना त्या आकडा सोडून खिडकीला कान लावून बसल्या होत्या. "पुढे कुठेतरी फुसफुसतंय. कुकरची रिंग गेली की असंच होतं, आणि तू आपली गॅस वाढवत बसलीयस." मी म्हटलं, अहो, हे इंजिन आहे. "मग? शिटी तर त्याचीही होत नाहीये ना?" दुसऱ्या दिवशी गार इंजिन सुरू केलं. कोंडलेला धूर फटीतून बाहेर यावा म्हणून त्यांनी सायलेन्सरच्या तोंडावर ओला टॉवेल (कार्बोरेटरचाच) दाबून धरला आणि मी साबणाचं पाणी घेऊन खाली शिरले. सेन्सरच्या अलीकडच्या सांध्यावर फेस उठला. सांध्याची रिंग फाटली होती, दादा. एरवी त्या फटीतून बाहेरची हवा नळीत शिरत होती आणि माझं नाक ती इमानाने मोजत होतं. उपाशी कुणीच नव्हतं.

नवी रिंग बसवली. आकडा थेट साडेदहावर आला, म्हणजे आठवडाभराचं अजीर्ण उघड झालं. तीन दिवस मी पेट्रोल थोडं थोडं काढत गेले. काल टेकडीचा चढ घेतला. तोच, जिथे बाबा पहिला गिअर टाकून आपल्याला खाली उतरवायचे. तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला. "एक दोन. आठ. एक दोन. आठ." (पूर्ण जोर लावताना इंजिनाला दोन घास जास्त लागतात. तेवढा आकडा खाली हवाच.) माथ्यावर पाय सैल केला. "एक चार. सात." आणि सासूबाईंनी आकड्यावर पहिल्यांदाच मत दिलं. "लागली लाइन."

आज चाचणी. साहेबांनी कागद पाहिला, नळी बाहेर काढून फुंकली, पुन्हा घातली. मग बॉनेट उघडायला लावलं. पास. "कुठला मेकॅनिक?" मी सासूबाईंकडे बोट केलं. त्यांनी पर्स सावरली.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. मिशा पाकिटात घालून पाठवल्यास तरी चालतील.

तुझी विजयी
धाकटी

ता. क. ती रिंग आपोआप फाटली नव्हती. सायलेन्सर बदलताना जुनीच रिंग मी परत दाबून बसवली. तू तेव्हा फोनवर विचारलं होतंस, "रिंग नवी घातलीस ना?" आणि मी "साधारण" म्हणाले होते. हे आईला वाचून दाखवू नकोस.

आणखी ता. क. गाडी अजून तुझ्या नावावर आहे. नाव बदलायचे कागद सोबत आहेत. पेन्सिलीच्या फुल्या आहेत तिथे सह्या कर. नव्या मालकाच्या जागी माझं नाव नाही, सासूबाईंचं आहे. त्यांना गाडी शिकायची आहे. मी शिकवायला बसले, तर दोन दिवसांत आमचं बोलणं बंद झालं. तुझे मेहुणे ब्रेकच्या बाबतीतही मतच देतात. मला तू याच गाडीवर शिकवलंस, एकदाही न ओरडता. तीस तारखेला भंगारवाल्याऐवजी तू ये. मिशा राहू देत. सासूबाई म्हणतात, मास्तरांना असाव्यात.