स्पार्टा हरल्यानंतर

कोतो, टोकियो

प्रिय बाबा,

माझा पीएच.डी.चा प्रबंध गाइडने अडवला, असं मी सहा वर्षांपूर्वी तुम्हाला सांगितलं, ते खोटं होतं. देवदत्तला इथे नोकरी लागली, आणि लग्नानंतर येताना प्रबंध मीच अर्धवट सोडला. तुम्ही मात्र अजून त्या गाइडवर चिडून आहात.

आज इथल्या वाचनालयात मी त्याच विषयावर, ग्रीसमधल्या ल्युक्ट्राच्या लढाईवर, जपानीत बोलले. समोर बारा आजी-आजोबा होते. थीब्ज शहराच्या सैन्याने डाव्या बाजूला पन्नास रांगा उभ्या करून अजिंक्य स्पार्टाला हरवलं, इथे मी थांबले. मोरिता-सान नावाच्या आजींनी विचारलं, "आणि स्पार्टाच्या गुलामांचं काय झालं?"

"स्पार्टाच्या ताब्यातल्या मेसेनिया प्रांतातले गुलाम सुटले. त्यांचं स्वतःचं शहर उभं राहिलं. पिढ्यान्‌पिढ्या परदेशी राहिलेली त्यांची माणसंही परत आली."

"मग हे राहूनच जाणार होतं की. मला यावरच तासभर ऐकायचंय."

बाबा, माझ्या प्रबंधात ते शहर नव्हतंच. घरी येताच मी विद्यापीठाला पुन्हा नोंदणीसाठी मेल केला.

हे पत्र पाठवणार नाही. दिवाळीत पुण्याला येईन, तेव्हा खोटं बोलले ते समोर बसून सांगेन. रागवा हवं तर. पण त्या शहरावरचं नवं प्रकरण सर्वांत आधी तुम्हीच तपासायचं आहे.

तुमची,
स्वरूपा