बोटीची चांगली बाजू

१४ जून
नाही हो भावजी, एक ओरखडासुद्धा नाही. आणि पडणारही नाही. आज फोनवर ठणकावून सांगितलं.
अल्टन भावजी म्हणजे लिनवुडचा धाकटा भाऊ. राहतात खाडीपलीकडे, दुर्बीण डोळ्यांना शिवलेली. ही पांढरी बोट दोघा भावांनी मिळून बांधली, म्हणून अर्धी त्यांची. लिनवुड गेल्यावर म्हणाले, वहिनी, उन्हाळाभर ठेव. पण थंडीआधी बोट पाण्याबाहेर ओढताना खराब दिसली, तर बोस्टनच्या दातांच्या डॉक्टरला विकून टाकीन. तो कधीचा मागे लागलाय.
मी शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, धरायच्या पाच पिंजऱ्यांचं लायसन्स काढलंय. घरच्यापुरतं. लिनवुड या बोटीत पिंजरा चढू देत नव्हता. मलासुद्धा बूट काढून चढावं लागायचं. त्याच्या आत्म्याला त्रास नको, म्हणून ठरवलं: पिंजरा सरळ वर उचलायचा. बोटीला टेकवायचाच नाही.

१७ जून
टेकला.
पाण्यातला पिंजरा म्हणजे रुसलेली म्हैस. दोर ओढला की आधी बोटीच्या पोटाखाली शिरते, मग बाजू खरवडत वर येते. एक रेघ उठली. ओरखडा नव्हे, रेघ.
दोन शेवंडी कायद्याच्या मापात बसल्या नाहीत, सोडल्या. एक अंडीवाली निघाली. पुढच्या माणसाला कळावं म्हणून तिच्या शेपटीला खाच पाडली आणि सोडून दिली. नियम म्हणजे नियम. मी काही बेइमान बाई नाही.

२२ जून
बाजूवर बाथरूममधलं पायपुसणं लटकवलं. वाहून गेलं. दुपारी शेजारची ओपल तेच घेऊन दारात. किनाऱ्यावर सापडलं, तुझंच ना? म्हटलं, छे, माझ्या पायपुसण्यावर गुलाब होते. याच्यावरही गुलाबच होते. ती त्यालाच पाय पुसून आत आली आणि कॉफी पिऊन गेली. सटवी आहे. म्हणून तर जमतं आमचं.

१ जुलै
लिनवुडचा पिवळा रेनकोट काढला. काढताना वाईट वाटलं. पण बोट त्याची, तर त्यानेच नको का सांभाळायला?
काठावरून खाली सोडला, तर बाह्या पाण्यात हेलकावे खायला लागल्या. मी दुसरा पिंजरा ओढतेय तोवर भावजी त्यांची होडी भरधाव हाणत आले. चेहरा पांढराफटक. वहिनी, कोण पडलंय पाण्यात? म्हटलं, कोणी नाही, तुमचे भाऊ हवा खातायत.
हसले नाहीत. कोट ओळखला त्यांनी.
मी बोट गर्रकन वळवली. चांगली बाजू त्यांच्याकडे, रेघांची माझ्याकडे. (रेघा आता जरा वाढल्यात.) असं चेष्टेत बोलायला नको होतं.

६ जुलै
गालिचा मिळाला. कुठून ते लिहीत नाही, वहीला काय करायचंय? जाड, लाल, अगदी देवाघरचा म्हणावा असा. लांबच लांब होता. तुकडा कापून घेतला तर कोणाचं काही अडत नाही.
बाजूवर घट्ट बांधला. आज पाचही पिंजरे काढले, ठप्प म्हणून आवाज नाही. रोज सोडबांध कोण करणार? बांधलेलाच राहू दे, फक्त ती बाजू भावजींच्या दुर्बिणीकडे वळू द्यायची नाही. दिवसरात्र संरक्षण. लिनवुडला हे सुचलं नसतं.

२ ऑगस्ट
बादलीभर शेवंडी. ओपलला दिल्या, पोस्टातल्या बाईला दिल्या, भावजींच्या दाराशी ठेवल्या. भावजी म्हणाले, अगं, तुला ठेवल्यास का? म्हटलं, खाऊन खाऊन कंटाळले. शिवाय खुशखबर: त्यांच्या नातीचं लग्न, सप्टेंबरात, आपल्याच चर्चमध्ये.
खुशखबरच आहे. फक्त दोनदा विचारलं, नक्की आपल्याच चर्चमध्ये?

१९ ऑगस्ट
चर्चमध्ये लग्नाची तालीम. नवरीच्या पायाखालचा लाल गालिचा कपाटातून काढून अंथरला, तो पुढच्या तीन बाकांआधीच संपला. सगळे बघतच राहिले. ओपल म्हणाली, आटला की काय? म्हटलं, लोकरच ती, दमट हवेत आटायचीच. आणि जरा जास्तच ठासून म्हटलं. नवरीमुलगी हिरमुसली. माझी आजीसुद्धा यावरून चालली होती, म्हणाली.
ठरवलं: उद्याच सोडायचा, धुवायचा, आतून शिवून गुपचूप जोडायचा.

२५ ऑगस्ट
आज सोडला. (मध्ये वारा फार होता.)
खाली बघते तर काय. गालिच्याच्या लवेत वाळू आणि शिंपल्यांचा चुरा अडकलेला, आणि प्रत्येक लाटेबरोबर दीड महिना घासत बसलेला. पांढरा पेंट उडून लाकूड दिसतंय. उरला त्यावर गालिच्याचा लाल रंग उतरलाय. पिंजऱ्यांच्या रेघा तर त्यात सापडतसुद्धा नाहीत.
टूथपेस्टने घासून बघितलं. आता गुलाबी आणि पुदिन्याचा वास.

३० ऑगस्ट
भावजींच्या मनात आलं, नवरीला लिनवुडच्या बोटीतून चर्चपर्यंत आणायचं. विचारायला आले ते होडीतून, आणि नेमके पाण्याकडच्या, खराब बाजूने. रस्त्याने येतील म्हणून मी धक्क्याकडे चांगली बाजू लावून हसत उभी.
होडी थांबली. मग म्हणाले, वहिनी, हा लाल मी ओळखतो. माझं लग्न याच्यावर झालं.
म्हटलं, लोकर आटते. तोंडातून तेवढंच निघालं.
ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, शेवंडीसाठी? एवढं सगळं शेवंडीसाठी गं?
मी हो म्हटलं.

९ सप्टेंबर
लग्न झालं. नातीने शेवटची पावलं उघड्या लाकडावर टाकली. माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. म्हणजे भावजींनी तिला सांगितलेलं नाही. त्याने जास्त टोचलं.
बोट आज डॉक्टर घेऊन गेला. रंगवून घेईन म्हणाला. पिंजरे अंगणात पडलेत.
भावजींना खोटं सांगितलं. शेवंड मला आवडत नाही. वासानेच मळमळतं, लहानपणापासून. पण पाच पिंजरे असले की रोज बोट काढायला कारण मिळतं. उभ्या संसारात लिनवुडने सुकाणूला मला हात लावू दिला नाही. मी आपली पुढे बसायची, थर्मास धरून.
तो गेला, त्या सकाळी मी रडायच्या आधी बोटीची किल्ली शोधली.