फाटलेलं आभाळ

बाबा, मंदीच्या त्या वर्षी आखातात, उम्म अल कुवैनच्या आपल्या फ्रेमच्या वर्कशॉपमध्ये एकच मोठं काम उरलं होतं. एका व्हिलासाठी हातानं रंगवून घेतलेली जुन्या डच चित्राची नक्कल. ओढ्यात उभ्या गाई, काठीवर हनुवटी टेकलेला गुराखी, मेंढ्यांमागून चालणारी बाई आणि वर अर्ध्याहून जास्त नुसतं आभाळ. फ्रेम पूर्ण झाली तरी तुम्ही ते बांधून ठेवत नव्हतात. "या गाईंना कोणी ईमेल पाठवत नाही," म्हणायचात आणि हसायचात. कॉलेजच्या सुट्टीत मी तुमचे फोन घ्यायला बसायचे, पण फोन वाजतच नव्हता.

त्या सकाळी तुमचे पार्टनर आले. ज्यांच्या अंगाखांद्यावर मी वाढले ते काका. सोबत दोन माणसं, दारात पिकअप. त्यांनी आपल्या हिश्श्याची म्हणून मशिनं उचलायला लावली. तुम्ही बघत राहिलात. चित्राला हात लागला तेव्हा मात्र आडवे आलात. "हे गिऱ्हाइकाचं आहे. बाकी सगळं ने."

"कसलं गिऱ्हाईक? व्हिला खलास, कंपनी खलास. बाजूला हो."

तुम्ही हलला नाहीत. काकांनी टेबलावरचा कटर उचलला आणि आभाळातून थेट गाईच्या पाठीपर्यंत ओढला. "घे. सांभाळ आता."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत दिसतं. तुमच्या हातात लाकडी हातोडा आहे. तो काकांच्या मनगटावर बसतो, कटर पडतो, ते किंचाळतात. तुम्ही त्यांना काचांच्या स्टँडवर ढकलता, काचा कोसळतात, तुमचा कोपर काचेनं चिरतो, आणि तुम्ही त्यांच्या छातीवर बसून गळा दाबताय. त्यांचा चेहरा जांभळा होत चाललाय. जन्मात माझ्यावर आवाज न चढवलेले तुम्ही. पिकअपवाला ओरडतो, "अंकल, छोड़ दो, मर जाएगा!" मी मागून तुमची कॉलर ओढली, शर्ट टरकला, तेव्हा कुठे तुमची बोटं सैल झाली.

काका मनगट पोटाशी धरून निघून गेले. पोलिसांत गेले नाहीत, परत कधी दिसलेही नाहीत. तुम्ही माझ्यावरच खेकसलात, "काचेतून कशाला आलीस? पायाला लागलं असतं म्हणजे?" मग रक्त गळत असतानाच कॅनव्हास मागून जोडायला बसलात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणालात, "थांब, हे वाळू दे."

काही महिन्यांनी गिऱ्हाईक खरंच आलं. तुम्ही त्याला जोड दाखवलात. तो जोडावरून बोट फिरवत म्हणाला, "हबीबी, घर ही नहीं रहा, दीवार कहाँ से लाऊँ? आप रखो."

वर्कशॉप गेलं. तुम्ही सिलिकॉन ओएसिसमध्ये एका बिल्डिंगच्या मेंटेनन्सला लागलात आणि त्याच नोकरीत असताना गेलात. चित्र आता रीम आयलंडवर माझ्या हॉलमध्ये आहे. माझी मुलगी विचारते, "हू कट द स्काय?" मी सांगते, शिफ्टिंगमध्ये झालं. आई चित्राकडे पाठ करून जेवते. त्या दिवसानं तुम्हाला आतून मोडलं, असं तिला वाटतं. मी हो म्हणते. हे पत्र आईच्या हाती लागायला नको, म्हणून लिहून झालं की फाडून टाकणार आहे. बाबा, कॉलर ओढण्याआधी मी थोडा वेळ नुसती उभी होते. मला तुमचा अभिमान वाटत होता.