नॉर्मलची बाटली

३ मार्च, सोमवार

नवी नोकरी, नवी खोली, नवी वही. वही ताईने निघताना माझ्या बॅगेत कोंबली. फोनवर मी निम्म्या गोष्टी गाळते असा तिचा जुना आरोप आहे. तर त्या निम्म्या इथे लिहायच्या आणि सुट्टीत तिला वाचायला द्यायच्या असं ठरलंय. ताई, पहिल्याच दिवशी मी वेळेच्या आधी पोहोचले, हे दोनदा वाच.

खोली लॅबच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. पलंग, टेबल आणि एक कपाट, ज्याचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही. न्हाणीतला गरम पाण्याचा नळ सोडताच उकळतं पाणी येतं. घरमालकिणीने दोनदा बजावलं आणि तरी मी हात पोळून घेतलाच. इतकी ओरडले की खालच्या मजल्यावरच्या बाई धावत वर आल्या. निदान ओळख तरी झाली.

लॅब छोटी आहे, तीन खोल्यांची. पुढच्या खोलीत काका रक्त काढतात. त्यांचा हात इतका हलका की लोक विचारतात, सुरुवात केली का. मधल्या खोलीत कपाटाएवढं मशीन आणि माझी खुर्ची. तिथल्या मुख्य बाईंना सगळे थोरल्या म्हणतात, मीही म्हणायला लागले. शेवटच्या खोलीत टायपिस्ट रिपोर्ट छापतो.

काम मला मनापासून आवडतं. एका नळीतल्या रक्तातून आम्ही अकरा गोष्टी मोजतो. हृदय, मूत्रपिंड, यकृत, नसा, कुठे कुरबूर सुरू झाली की ते माणसाला कळायच्या कितीतरी आधी रक्तात उतरतं. रिपोर्टवर प्रत्येक आकड्यासमोर आमची मर्यादा छापलेली असते. आत असलात तर नॉर्मल, बाहेर असलात तर चांदणीची खूण. चांदणी दिसली की माणसं डॉक्टरकडे पळतात, नाही दिसली की घरी जाऊन झोपतात. एवढ्याशा चांदणीवर केवढं काय काय अवलंबून असतं.

५ मार्च, बुधवार

इथली एक पद्धत कळली. दर बुधवारी सगळ्या कर्मचाऱ्यांचं रक्त तपासतात. आणि नव्या माणसाची एक जास्तीची नळी फ्रिजमधल्या एका तपकिरी बाटलीत ओततात. बाटलीवर चिठ्ठी आहे, ‘नॉर्मल’. ही आमची निरोगी माणसांची बाटली. रोज सकाळी आधी तिच्यातला थेंब मशीनला द्यायचा. ठरलेले आकडे आले तर मशीन ठीक, मग दिवस सुरू. आमच्या मर्यादाही तिच्यावरूनच ठरलेल्या. बाटली कधी रिकामी करत नाहीत, फक्त भर घालतात, विरजणासारखी. लॅब सुरू झाली त्या दिवसापासूनची आहे म्हणे.

माझे दहा आकडे झकास. अकरावा, नसांमधल्या एका प्रथिनाचा, ६ आला. नस झिजली की हे प्रथिन रक्तात पाझरतं. आमची मर्यादा ३० ते ४५, बाटलीचा आकडा ४१. म्हणजे मला चांदणी! मी चेहरा पाडून बसले तर थोरल्या शांतपणे म्हणाल्या की नव्या माणसाचा असाच कमी येतो, बसेल हळूहळू. कमी असल्याने काही बिघडत नाही, डॉक्टरही खालच्या चांदणीकडे ढुंकून बघत नाहीत.

११ मार्च, मंगळवार

इतकी शांत माणसं मी कुठल्याच नोकरीत पाहिली नाहीत. कुणी कुणावर खेकसत नाही, कुणाचं कुणाशी बिनसत नाही. आज सकाळी काकांचं बोट फ्रिजच्या दारात सापडलं. चांगलं करकचून. मीच किंचाळले. काका बोटाकडे बघत उभे राहिले, मग दार उघडून बोट काढून घेतलं आणि मला म्हणाले की पुढचा नंबर बोलव. नख काळं पडलंय. दिवसभर त्याच हाताने त्यांनी चाळीस जणांचं रक्त काढलं.

१९ मार्च, बुधवार

गेल्या बुधवारी ९, आज १५. टायपिस्टने अभिनंदन केलं. मी म्हटलं की परीक्षेत इतक्या वेगाने गुण वाढले असते तर बाबांनी वाजंत्री लावली असती. कुणी हसलं नाही. विनोद बरा होता.

२३ मार्च, रविवार

घरी जाऊन आले. बाबा शिलाई मशीनवरून उठायला तयार नाहीत. लोकांना अजून वाटतं कोटाची बाही त्यांच्यासारखी कुणी बसवत नाही, आणि ते खरंच आहे. पण ताईने मला स्वयंपाकघरात ओढून सांगितलं की त्यांच्या बोटांना तीन-चार महिन्यांपासून मुंग्या येतात, सुई धरताना चाचपडतात. तिने मोठ्या इस्पितळात पंधरा दिवसांनंतरची वेळ घेऊन ठेवली आहे. बाबा कुरकुरतायत की इस्पितळात गेलं की लोक काहीतरी काढतातच. मी त्यांचं रक्त घेतलं. म्हटलं, तुमची लेक लॅबमध्ये आहे कशाला.

२४ मार्च, सोमवार

बाबांची नळी पहिली लावली. अकराच्या अकरा मर्यादेत. नसांचा आकडा ३३, चांदणी नाही. नाचतच फोन केला. बाबा हसले आणि म्हणाले की ताईला सांग, इस्पितळाची वेळ दुसऱ्या कुणा गरजूला मिळू दे. ताईने वेळ सोडली. तीसुद्धा हलकी झाली, आवाजावरून कळलं.

१ एप्रिल, मंगळवार

आज एका शाळेतल्या बाई दोन कागद घेऊन आल्या. एक आमचा रिपोर्ट, एक दुसऱ्या लॅबचा. नसांचा आकडा आमच्याकडे ३६, त्यांच्याकडे ३५. म्हणजे जुळतंय. पण आमच्या कागदावर नॉर्मल आणि त्यांच्या कागदावर चांदणी. त्यांची मर्यादा दहापर्यंतच आहे. बाईंनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्यांना डॉक्टरांनी सांगितलंय की आजार नसांचा आहे, आत्ताच औषध सुरू केलं तर जिथल्या तिथे थांबतो. दोन-तीन महिने उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही, आधी हात जातात, मग छाती. आमचा रिपोर्ट धरून त्या महिनाभर निवांत राहिल्या होत्या.

थोरल्यांनी बाईंना समजावलं की त्या लॅबची मर्यादा त्यांची, आमची आमची, आम्ही ती आमच्या निरोगी माणसांवरून काढतो. बाई कागद घेऊन निघून गेल्या.

बाबांचे ३३. मला खूप भीती वाटते आहे.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी बाबांना फोन लावला. त्यांनी उचलला तोच गाणं गुणगुणत. किती दिवसांनी डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणाले. मी म्हणाले की रविवारी येते, समोर बसून बोलू. असं फोनवर कसं सांगणार? चारच तर दिवस आहेत.

दुपारी थोरल्या जेवायला गेल्यावर बुधवारच्या तपासण्यांचं जुनं रजिस्टर काढलं. पहिल्या पानावर एकच माणूस, लॅब सुरू करणारे डॉक्टर. आकडा ४१. बाटली त्यांच्याच रक्ताने सुरू झाली. त्यांच्यानंतर तेवीस जण. कुणी ५ ने आलं, कुणी ८ ने. दोन महिन्यांत प्रत्येक जण ४१ वर. वर नाही, खाली नाही. आणि बाटली रोज ४१. गणित साधं आहे. एकेचाळीसमध्ये तेवीस वेळा पाच-आठ ओतले तर आकडा खाली यायला हवा. तो एकदाही हललेला नाही. आमच्यावरून बाटली ठरत नाही, बाटलीवरून आम्ही ठरतो.

पहिल्या नावावर रेघ मारलेली आहे. थोरल्या जेवून आल्यावर विचारलं तर म्हणाल्या की ते लवकरच वारले, नसांच्या आजाराने. बाटली मात्र चांगली निघाली.

माझा आकडा आज २९.

७ एप्रिल, सोमवार

काल घरी गेले नाही. कपडे घालून तयार होते, गाडीची वेळही माहीत होती. पलंगावर बसले आणि बसूनच राहिले. भीती गेली नाहीये, कुठेतरी आहे. पण भिंतीपलीकडे कुणी बोलावं तशी ऐकू येते, शब्द लागत नाहीत.

तळहातावर पेनाने लिहिलं: बाबांना सांग.

९ एप्रिल, बुधवार

३४. चांदणी गेली. आज मीही नॉर्मल. थोरल्यांनी पाठीवर हात ठेवला असावा, आरशात दिसला.

तळहातावरची अक्षरं जेवणानंतर हात धुताना गेली. ती जाताना मी बघत होते.

१४ एप्रिल, सोमवार

सगळ्यांच्या आधी जाऊन बाटली मोरीत ओतली. धुतली. मशीन तपासायला कंपनीकडून आलेल्या सीलबंद द्रवाने भरली, ज्याचा आकडा छापील आहे, ६. मशीनला दिली.

४१.

पुन्हा दिली. ४१.

थोरल्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. रागावल्या नाहीत. म्हणाल्या की सगळेच एकदा ओततात, त्यांनीही ओतली होती. मग म्हणाल्या की कंट्रोल पास आहे, मशीन ठीक आहे, पहिली नळी लाव. मी लावली.

१६ एप्रिल, बुधवार

३८. न्हाणीतल्या गरम नळाखाली हात धरला. वाफ येत होती. हात लाल झाला, मग फोड आले. खालच्या बाई आल्या नाहीत. मी ओरडलेच नव्हते.

पहिल्या दिवसाचं पान वाचलं. ती मुलगी फार बोलते.

२१ एप्रिल, सोमवार

आज शंभरावर नळ्या. पस्तीस, अडतीस, बत्तीस. सगळे नॉर्मल. सगळे घरी जातील आणि —

टायपिस्टला म्हटलं की मर्यादा बदल, दहा लिही. त्याने विचारलं की कशासाठी. मी उत्तर शोधत उभी राहिले. शेवटी त्यानेच खुर्ची दिली.

२३ एप्रिल, बुधवार

४०.

बाबांना फोन करायचा. कारण वहीत आहे. मागची पानं बघायची. १ एप्रिल.

२८ एप्रिल, सोमवार

बाबांचा फोन. मजा सांगायला केला होता. बाही शिवत होते, मशीनची सुई बोटातून आरपार गेली. कळलंच नाही म्हणाले. पांढऱ्या कापडावर लाल दिसलं तेव्हा बघितलं. गिऱ्हाइकाचं कापड खराब झालं याचंच वाईट वाटतंय त्यांना. ताई उगाच घाबरलीय, रिपोर्ट नॉर्मल आहे ना, असं म्हणाले.

मी हो म्हणाले.

फोन ठेवल्यावर डोळ्यांतून पाणी आलं. बराच वेळ येत होतं. मी त्याचं कारण वहीत शोधलं. सापडलं. ते माझे बाबा आहेत. मला रडायचंय. पाणी तर येतंच आहे, पण मी त्यात —

३० एप्रिल, बुधवार

४१. टाळ्या वाजल्या. काकांनी, टायपिस्टने, थोरल्यांनी. मीपण वाजवल्या. आवाजावरून कळलं.

२ मे, शुक्रवार

ताईचा फोन. बाबांना दोन दिवस बटण लावता येत नाहीये. जिना चढताना धाप लागली. तिने इस्पितळात चला म्हटलं तर ते तुझा कागद दाखवतात म्हणाली. रडत होती. शपथ घालून विचारलं की तू सांग, खरं काय ते तूच सांग, तू सांगशील तसं करते.

मी नॉर्मल म्हणाले. तोंडातून आपोआप आलं, रोज सांगते तसं. ती रडायची थांबली. मग बरं म्हणाली.

ती उद्या इकडे येणार आहे. वही तिच्या हातात द्यायची. टेबलावर, दारासमोर ठेवायची.

इथे वर मी चार ओळी लिहिल्या होत्या. कागद कोरा आहे. पेन जमिनीवर पडलं होतं आणि हात चालत होता.

आता पेन बोटांना दोऱ्याने बांधलंय. बघून बघून लिहिते. नजर हलली की —

ताई, फोनवर सांगितलं ते खोटं आहे. कागद फाडून टाक. बाबांना आजच ने, माझी वाट बघू नको, मी काहीही म्हणाले तरी ऐकू नको. तो आकडा नॉर्मल नाही. तो आकडा