डोरीनबाईंचं कौतुक

१७ एप्रिल
आज तोंड उघडलं असतं तर चारचौघांत भांडण झालं असतं, म्हणून लिहिते आहे.

सकाळी एअरपोर्टवरून फिलोमिनाचा फोन. इथे आखातात, आमच्या जबल अलीच्या ऑफिसात ती अकरा वर्षं सफाईची सुपरवायझर. परवा नोकरी संपली, काल कंपनीने खोली काढून घेतली, आज पावसामुळे गावी, वसईला जायची फ्लाइट रद्द. "मॅडम, बसायला जागा आहे. पण इन्सुलिनला फ्रिज नाही. कुणी ओळखीचं?"

'तुमच्याकडे येऊ का' असं विचारलं नाही. कसं विचारेल? अकरा वर्षांत मी एकदा चहाला बोलावलेलं नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. जोडलेल्या हातांची रांग लागली. पोह्यांचे दोन डबे कबूल. राहायला? पाहुणे आहेत, रंगकाम चाललंय, वॉचमन कटकट करतो. एकाने लिहिलं, तिचं चर्च बघेल ना.

ह्याच लोकांनी गेल्या महिन्यात आमच्या ह्यांच्या भाषणाला टाळ्या वाजवल्या. मुलाकडे, निखिलकडे जाताना कॅनडात बर्फात बस अडकली, त्या एवढ्याशा गावातल्या डोरीनबाईंनी आम्हाला तीन रात्री स्वतःचा पलंग दिला, स्वतः सोफ्यावर झोपल्या. नाव विचारायच्या आधी ओले मोजे काढायला लावले. हे ती गोष्ट फोटो दाखवून सांगतात. दर वेळी त्याच जागी गळा भरून येतो.

संध्याकाळी
ह्यांना म्हटलं, निखिलची खोली रिकामी आहे.
"अगं, ते वेगळं. तिकडे जागा असते. इथे नियम आहेत."
"डोरीनबाईंचं घर दोन खोल्यांचं होतं."
"तुझं हे नेहमीचं..." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.
आणि मी? दिवसभर टाइप करत बसले. दार माझंही आहे.

१८ एप्रिल
रस्त्यावर पाणी. पठाण टॅक्सीवाला म्हणे, बाजी, मेरी बहन, गाडी आगे नहीं जाएगी. म्हटलं, जाएगी. यल्ला, चलो.

फि. एअरपोर्टवर खांबाला टेकून बसलेली. पाय सुजलेले, इन्सुलिन गार पाण्याच्या बाटलीला फडक्याने बांधलेलं. मला बघून उभी राहिली, ऑफिसात राहते तशी. सगळ्यात जास्त राग त्याचा आला. बॅग मी उचलली.

घरात पाऊल टाकताच विचारते, झाडू कुठे असतो.
"झाडूला हात लावायचा नाही. आणि मॅडम नाही म्हणायचं. उषा."
"ते नाही जमायचं, मॅडम."

हे बेडरूममध्ये, फोनवर. बाहेर आले नाहीत.

१९ एप्रिल
फ्लाइटचा पत्ता नाही. एअरलाइनवाले नुसतं इन्शाल्ला म्हणतात.

ग्रुप उघडला. ह्यांनी लिहिलंय, 'आमच्याकडे सोय केली आहे.' आमच्याकडे! खाली शाबासक्या, फुलं. तिच्याशी अजून एक शब्द बोललेले नाहीत.

ऑफिसला निघाले. फि.ला आतापर्यंत दिलं ते: दोन चादरी, माझा सुती गाऊन, फ्रिजचा रिकामा केलेला मधला कप्पा. आज घराची किल्ली. किल्ली ह्यांची. विचारून दिलेली नाही.